आईला ‘ताकदीची सलाईन’ लावण्याआधी तिचं रक्त तपासून घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. राळेगाव तालुक्यातल्या गावी आई-बाबा दोघंच राहतात. आईचं वय बावन्न, सहा वर्षांपासून शुगरच्या गोळ्या, गळ्यात माळ. दिवाळीनंतर कापूस वेचणीला जायला लागली तसा थकवा वाढला. गावातला एक जण दर पंधरा दिवसांनी घरी येऊन पिवळी सलाईन लावतो, पाचशे रुपये घेतो, आणि आईला दोन-तीन दिवस बरं वाटतं. तुम्ही पुण्याला नोकरीत. आता मोबाईलवर जाहिरात पाहिलीत की नागपूरहून नर्स घरी येईल आणि व्हिटॅमिनची ‘एनर्जी ड्रिप’ लावेल, साडेतीन हजारांत. गावातल्या सलाईनपेक्षा ही बरी का, आणि महिन्यातून किती वेळा लावावी, असं तुम्ही विचारलंय.

मी एमबीबीएस डॉक्टर आहे. आठ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यानंतर सतरा वर्षं यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. माझं उत्तर असं की आत्ता दोन्ही थांबवा. पण नुसतं ‘नको’ म्हणून तुमचं समाधान होणार नाही, व्हायलाही नको, कारण आई खरोखर थकलेली आहे. दोन महिने एक बाई सांगते आहे की अंगात जीव नाही. तिला चार बाटल्या लागल्या. आणि तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्यात एकाही तपासणीचा आकडा नाही. हिमोग्लोबिन किती, शुगर किती, बीपी किती, काहीच नाही. मला खरी अडचण इथे दिसते. थकवा कशाचा आहे हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

पिवळ्या सलाईनमध्ये असतं काय, ते आधी सांगते. बाटली अर्ध्या लिटरची. आत बहुतेक वेळा पाच टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी; नाही तर नॉर्मल सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी; नाही तर आरएल (रिंगर लॅक्टेट), म्हणजे काही क्षारांचं पाणी. त्यात मल्टिव्हिटॅमिनचं एक इंजेक्शन सोडतात आणि पाणी पिवळं होतं. तो रंग बी-२ चा, रायबोफ्लेविनचा. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात तोच रंग बाहेर पडत असतो. बी गटातली जीवनसत्त्वं आणि सी पाण्यात विरघळतात. शरीर गरजेपुरती ठेवतं आणि उरलेली मूत्रपिंडं काढून टाकतात. आता ताकदीचा हिशोब करू. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभराच्या आत कॅलरी. ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत तेवढ्या असतात. मिठाच्या सलाईनमध्ये तर एकही नसते.

नागपूरच्या ड्रिपचं कूळ जरा वेगळं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन मायर्स नावाचे डॉक्टर होते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी गट आणि सी यांचं मिश्रण ते शिरेतून देत. १९८४ मध्ये ते वारले, पण त्यांच्या नावाचं ‘मायर्स कॉकटेल’ पुढे जगभर गेलं, आणि आज घरपोच ड्रिप देणारे बरेच जण त्याचीच कुठली तरी आवृत्ती विकतात. या मिश्रणाची एक छोटी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगभर दुखणं आणि थकवा असलेले ३४ रुग्ण घेतले, आठ आठवडे दर आठवड्याला ड्रिप दिली. निम्म्यांच्या बाटलीत मायर्सचं मिश्रण, निम्म्यांच्या बाटलीत नुसतं आरएल. कुणाला काय दिलं हे रुग्णांना माहीत नव्हतं. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोघांत ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. चौतीस माणसांवरून सगळ्या जगाचा निकाल लागत नाही हे खरं. पण इतकी वर्षं माझ्या दवाखान्यात मी हेच पाहत आले आहे: साधी सलाईन लावा की रंगीत, पेशंट उठून बसतो आणि म्हणतो, आता बरं वाटते.

मग बरं वाटतं ते खोटं का? अजिबात नाही, आणि आईला तसं कधी म्हणू नका. वेचणीची बाई पहाटे चारला उठते, स्वयंपाक उरकते, डबा बांधते, आठला वावरात पोचते आणि संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेली असते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे मध्ये बसायचं नाही. आणि पाणी ती मुद्दाम कमी पिते. माझ्याकडे येणाऱ्या बायांना मी हे नेहमी विचारते. एकीने सांगितलं, “पानी पेलं का लघवीले जा लागते बाई. वावरात मानसं असतात, कुठी जाव?” दिवसभरात दोन पेले पाणी प्यायलेल्या बाईच्या शिरेत अर्धा लिटर पाणी-मीठ गेलं तर तिचं डोकं हलकं होणारच. शिवाय सलाईन लागली म्हणजे ती दोन तास आडवी पडते. शेजारीण येऊन बसते, चहा दुसरी कुणी करते, नवरा विचारपूस करतो. कित्येक घरांत बाईला दिवसा पडायची परवानगी हाताला सुई असेल तेव्हाच मिळते. तुमच्या आईला हा आराम हवाच आहे. तो मिळवायला सुई टोचावी लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

पाणी आणि क्षार तोंडानेही तितकेच आत जातात, हे आपल्याच देशात सिद्ध झालंय. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायची सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून पेल्यापेल्याने पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. कॉलऱ्यासारख्या आजारात जे पाणी तोंडाने पुरतं, ते वेचणीच्या थकव्यात का पुरू नये? आईला शुगर आहे, म्हणून रोजच्यासाठी साखर-मिठाचं पाणी नको. साधं पाणी आणि पातळ मठ्ठा पुरे. बीपी असेल तर मठ्ठ्यात मीठ नको.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. आरोग्य केंद्रात माझं पहिलंच वर्ष होतं. पासष्टीचे एक आजोबा आले, सोबत चार माणसं. “बाई, हातपाय गयून गेले यांचे, एक सलाईन लावून द्या न.” त्यांच्या पायांवर थोडी सूज होती. मी ती पाहिली, पण बाहेर रांग होती आणि नातेवाईक ऐकेनात, म्हणून बाटली लावली. तास-सव्वा तासाने नर्स धावत आली. आजोबा खाटेवर उठून बसले होते, श्वास घेताना छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं. थकवा त्याचाच होता, आणि मी वरून अर्धा लिटर पाणी ओतलं. ते फुफ्फुसात उतरलं. ऑक्सिजन होता, लघवी काढणारं इंजेक्शन होतं, म्हणून ते वाचले. तुमच्या आईच्या घरात यातलं काय आहे? नर्स नागपूरची असो की माणूस गावातला, ही अडचण दोघांना सारखीच.

दुसरी गोष्ट एका पेशंटची. जानेवारीचा महिना होता. चाळिशीतली बाई दिराच्या गाडीवर बसून आली, केसांत कापसाचे तंतू तसेच. बाकावरून उठून माझ्या टेबलापर्यंत चालत येताना ती दोनदा थांबली. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग लालसर दिसायला हवा, तो वहीच्या कागदासारखा होता. नखं चमच्यासारखी खोलगट. दोन्ही हातांच्या पाठीवर सुयांचे निळे-जांभळे डाग, काही जुने पिवळे पडलेले, काही ताजे. दिवाळीपासून अकरा बाटल्या झाल्या होत्या. दिराला जरा बाहेर बसवून मी पाळीचं विचारलं. ती खाली पाहत म्हणाली, दहा-बारा दिवस चालते, गाठी पडतात, दोन वर्षं झाली. हे तोपर्यंत तिला कुणी विचारलंच नव्हतं. हिमोग्लोबिन ४.८ निघालं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ. जिल्ह्याला पाठवून रक्त चढवलं, पुढे ऑपरेशन झालं. इतकं रक्त कमी असताना हृदय आधीच दुप्पट धावत असतं. त्यात भराभर सोडलेली सलाईन जीव घेऊ शकते. तिला अकरा वेळा तसं झालं नाही, हे तिचं नशीब.

म्हणून तुमच्या आईचा विचार करताना माझ्या डोक्यात पहिलं येतं ते रक्त कमी असणं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. म्हणजे दोघींत एक. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. आठच्या खाली गेलं तर ते तीव्र. आईचं वय पाळी जायचं आहे. या वयात पाळी अनियमित होते, कधी खूप जाते. मुलाला हे विचारायला अवघड जातं, आईलाही सांगायला. बायकोला किंवा बहिणीला फोन करायला लावा, नाही तर गावातल्या आशाताईला सांगा. विचारायचं एवढंच: पाळी सुरू आहे का, किती दिवस जाते, गाठी पडतात का, आणि बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा कधी अंगावर गेलं का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं तर थकवा बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे गर्भाशयाचा कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

दुसरं कारण तुमच्या प्रश्नातच लिहिलंय, तुम्हाला ते जाणवलं नसेल. माळ आणि शुगरच्या गोळ्या. बी-१२ मिळतं मांस, मासे, अंडी आणि दुधातून. ज्वारी, तूर, अंबाडी, जवस यांत ते नसतं. माळकरी घरात आधार फक्त दुधा-दह्याचा, आणि अनेक घरांत दूध डेअरीला जातं, चहापुरतं उरतं. त्यात शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल, आणि बहुतेक गोळ्यांत ते असतंच, तर वर्षानुवर्षं घेऊन बी-१२ चं शोषण कमी होतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला आल्या की मला रिपोर्टच्या आधीच शंका येते. आईला विचारा: तळपायाला मुंग्या येतात का, चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का, अंधारात तोल जातो का. हे फार दिवस अंगावर काढलं तर नसांचं नुकसान पुरतं भरून येत नाही.

बी-१२ कमी निघालं तर उपाय स्वस्त आहे. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन, सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने, मग महिन्याला एक; पुढे गोळ्याही चालतात. त्याला शीर लागत नाही, बाटली लागत नाही. माळकरी बाया मला विचारतात की हे प्राण्यापासून करतात का. औषधातलं बी-१२ जिवाणू वाढवून तयार करतात, मांसापासून नाही. कॅप्सूलचं वेष्टन मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून मी त्यांना इंजेक्शन किंवा साधी गोळी देते. अंडी खा म्हणून आईच्या मागे लागू नका. माळ तिची आहे, आणि ती न काढताही हा आजार बरा होतो. एक गोष्ट मात्र आजच सांगा. पिवळ्या सलाईनमध्ये बी-१२ मिसळलेलं असेल तर रिपोर्टमधला आकडा फुगून येतो. म्हणून आधी तपासणी, मग औषध. आणि शेवटची बाटली कधी लागली ती तारीख डॉक्टरांना सांगायची.

तिसरी शुगर. ती वाढलेली असली तरी माणूस गळून जातो, आणि कमी झाली तरी. तुम्ही फक्त ‘शुगरच्या गोळ्या’ लिहिलंय, नाव नाही. त्यात ग्लिमेपिराइड असेल आणि आई सकाळी गोळी घेऊन अर्ध्या भाकरीवर वावरात जात असेल, तर अकरा-बाराला शुगर खाली येऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार, धडधड. अशा बाईला डेक्स्ट्रोजची बाटली लावली तर ती जादूसारखी उठून बसेल, आणि सगळ्यांना वाटेल ताकद आली. खरं तर तिला गोळीचा डोस बदलून हवा असतो आणि वेळेवर जेवण. उलट शुगर आधीच तीनशे असेल तर तीच बाटली ती आणखी चढवते. या दोन विरुद्ध गोष्टींतला फरक कळायला बोटाला एक टोचा पुरतो. नागपूरच्या ड्रिपबद्दलही एक सांगून ठेवते. जास्त मात्रेत व्हिटॅमिन सी शिरेतून दिलं की काही ग्लुकोमीटर शुगर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. तो आकडा पाहून कुणी जास्तीची गोळी किंवा इन्सुलिन दिलं तर काय होईल ते सांगायला नको.

विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात तो जन्मजात आजार, विसरून चालत नाही. गडचिरोली-चंद्रपूरला जास्त, पण यवतमाळलाही आहे. आपल्याकडे तो काही जणांत सौम्य असतो आणि पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा सापडलेले पेशंट मी पाहिले आहेत. नुसता वाहक असेल तर थकवा येत नाही. आजार असेल तर येतो, सांधे-हाडं दुखतात, डोळे पिवळे दिसतात. राष्ट्रीय सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झाली, तिच्यात तपासणी चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची. आई त्यात बसत नाही, म्हणून तिची तपासणी मागून घ्या. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असताना लोह कमी आहे की नाही हे न पाहता लोह देत राहणं बरोबर नाही. जी-६-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेली माणसंही आपल्या भागात आहेत, आणि त्यांना व्हिटॅमिन सीचा मोठा डोस शिरेतून दिला तर रक्तपेशी फुटतात. विकत घेतलेल्या ड्रिपआधी ही तपासणी केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

थायरॉइड आहे, मूत्रपिंड आहे. खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरतं वजन असेल तर टीबी आहे. यावर फार लिहीत नाही, तपासणीत कळतं. कीटकनाशक फवारणीच्या दिवसांत मळमळ, लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या तर सलाईनवाल्याला बोलवायचंच नाही, कपडे उतरवून अंग धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. २०१७ च्या हंगामात फवारणीतून झालेली विषबाधा आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

आणि एक कारण रक्तात सापडत नाही. मुलगा पुण्याला, घरात दोघंच, कापसाचा भाव पडलेला, कर्ज डोक्यावर. ‘अंगात जीव नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायांना मला सांगायचं असतं की मनात जीव नाही. पहाटे तीनला जाग येते का, भजनाला जायची ती थांबली का, जेवण बेचव झालं का, रडू येतं का, हे विचारा. हो म्हणाली तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि रोज रात्री तुम्ही स्वतः दहा मिनिटं बोला, त्यात तब्येतीचा विषय न काढता.

इथवरचं एकत्र सांगायचं तर आईच्या बाबतीत माझ्या संशयाचा क्रम असा: रक्त कमी, बी-१२ कमी, शुगर वर किंवा खाली. तिन्ही सोबत असणंही अगदी शक्य. आणि तिन्हींचा इलाज पिवळ्या बाटलीत नाही.

आता घरात शीर टोचण्याबद्दल. तुमच्या घरी नेमकं काय चालतं मला माहीत नाही, पण गावोगाव पाहिलेलं सांगते. बाटली खुंटीला टांगतात. हवा जायला वरून एक सुई खुपसून ठेवतात, आणि ती सुई मघाशी टेबलावर पडलेली असते. उरलेली अर्धी बाटली उद्यासाठी ठेवतात. सेटही, म्हणजे सलाईनची नळी, उशाशी गुंडाळून ठेवलेला मी पाहिला आहे. साखरेच्या उबदार पाण्यात जंतू रात्रभरात वाढतात आणि दुसऱ्या दिवशी थेट रक्तात जातात: थंडी वाजून ताप, कधी त्याहून वाईट. सुई एकाची दुसऱ्याला गेली तर कावीळ बी आणि सी. आणि वेग. आपल्याकडच्या साध्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे अर्धा लिटर दहा हजार थेंब. चार तासांत द्यायची तर मिनिटाला बेचाळीसच्या आसपास थेंब. पुढच्या घरी जायची घाई असलेला माणूस चाक पूर्ण सोडतो आणि पाऊण तासात बाटली रिकामी करतो.

सगळं स्वच्छ असलं तरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. क्वचित येते, पण बी-१ सारख्या साध्या जीवनसत्त्वानेही शिरेतून देताना आलेली आहे. अंगावर गांधी उठतात, घसा दाटतो, बीपी पडतं. त्या वेळी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन काही मिनिटांत लागतं. १०८ ची गाडी येते, पण तुमच्या गावाला पोचायला तिला किती वेळ लागतो ते बाबांना विचारा.

घरी शिरेतून औषध देणं कायमच चूक, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी तपासून, कारण लिहून, शिकलेल्या नर्सच्या हाताने घरी अँटिबायोटिक देतात, शेवटच्या आजारात देतात. उलट्या-जुलाबांनी काहीच पोटात टिकत नसेल, फार दारू पिणाऱ्याला बी-१ ची गरज असेल, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तेव्हा शिरेतून द्यावंच लागतं. रक्त फार कमी असेल आणि लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर लोहही शिरेतून देतात, पण दवाखान्यात. रिपोर्ट पाहिल्यावर तुमच्या आईला असं काही लागू शकेल. आज ते कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

गावातल्या त्या माणसावर चिडू नका. रात्री अकराला हाक मारली तर तोच येतो, मी येत नाही. आई-बाबांचा त्याच्यावर जीव आहे. त्याला फोन करून नीट सांगा की दादा, तपासण्या होईपर्यंत बाटली लावू नका. आलातच तर बीपी आणि शुगर मोजून मला कळवा, त्याचे पैसे मी देतो. माझ्याकडे असे दोघं-तिघं आता पेशंट घेऊन येतात, बाटली लावायच्या आधी.

या आठवड्यात करायचं ते असं. वेचणीचे दोन दिवस बुडू द्या, ती मजुरी तुम्ही पाठवा, आणि हे बाबांना तुम्हीच सांगा. आई स्वतः म्हणणार नाही. सकाळी उपाशीपोटी बाबांसोबत ग्रामीण रुग्णालयात जाऊ द्या. त्या दिवशी शुगरची गोळी जेवणासोबतच, रिकाम्या पोटी नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. करायच्या तपासण्या: पूर्ण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशी आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए-१-सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनीन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), लघवी आणि सिकलसेल. बी-१२ तिथे होत नसेल तर बाहेर करा. नागपूरच्या एका ड्रिपच्या पैशांत ते सहज होतं आणि वर औषधाला उरतात. बीपी मोजायला सांगा आणि पायांवर सूज आहे का पाहायला सांगा. श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल तर आठवडा थांबू नका, आजच न्या.

तोवर दुपारचा चहा जेवणानंतर लगेच नको, तासाभराने, कारण चहाने लोह कमी शोषलं जातं. जेवणात लिंबू पिळा. वावरात पाण्याची बाटली जाते ती रिकामी होऊन परत येते का ते बाबांनी पाहावं, आणि लघवीला जाताना आईसोबत कुणीतरी बाई असेल अशी सोय शेजारच्या मजूर बायांशी बोलून करता येते.

रिपोर्ट आले की सीबीसीच्या पूर्ण कागदाचा फोटो मला पाठवा, फक्त हिमोग्लोबिनचा आकडा नको. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या, आणि दोन्ही कमी असलं की पेशींचा सरासरी आकार नॉर्मल दिसतो; ते त्या कागदाच्या खालच्या ओळींवरून कळतं. सोबत शुगरच्या गोळीच्या पट्टीचा मागच्या बाजूने फोटो, जिथे औषधाची नावं छापलेली असतात, आणि त्या पिवळ्या बाटलीच्या लेबलचाही, जर फेकली नसेल तर. आईचं नाव आणि फोन नंबर मात्र झाकून टाका.